किराण्याची उधारी आणि वर्षाची दाळ

घरखर्चात बचत कशी करावी याचे सल्ले बहुतेक पगारदार घरांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. महिन्याची यादी करा, एकदम किराणा भरा, मोठा पुडा घ्या, भाव ताडून पाहा. सल्ले चुकीचे नाहीत. पण त्यांच्यामागे एक गृहीत असतं: एक तारखेला घरात पैसा येतो. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातल्या बहुतांश घरांत तो तसा येत नाही. सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आसपास येतो, तूर आली की जानेवारी-फेब्रुवारीत येतो, त्यामागून हरभऱ्याचा येतो. मजुरी करणाऱ्या घरात तो आठवडी बाजाराच्या दिवशी येतो आणि त्याच दिवशी जातो. चूल मात्र रोज पेटते. पैसा येण्याची वेळ आणि किराणा लागण्याची वेळ यांत जे अंतर आहे, त्या अंतराची किंमत कुटुंब मोजत असतं. माझ्या मते आपल्याकडच्या घरखर्चाचा खरा प्रश्न हाच आहे. काटकसर त्यानंतर येते.

निंदणीहून परतलेली बाई दुकानातून पाव किलो दाळ आणि तेलाचा छोटा पाऊच नेते, तेव्हा किलोचा भाव तिला कळत नसतो असं नाही. चांगला कळतो. हातात त्या दिवशी किलोचे पैसे नसतात, एवढंच. सुट्या, थोड्या मालाला किलोमागे चार पैसे जास्त जातात आणि उधारीवर असेल तर त्यावर आणखी थोडे. समजा, शंभराच्या मालाला वहीत एकशे पाच लागले. सोयाबीन आल्यावर पाच महिन्यांनी फेडणाऱ्या शेतकऱ्याला ते व्याज महिन्याला शेकडा एक पडलं, म्हणजे स्वस्तच. महिन्याने फेडणाऱ्याला शेकडा पाच पडलं. आणि बाजाराच्या दिवशी मजुरी मिळताच, आठ दिवसांत, इमानाने खातं चुकतं करणारी बाई तेच पाच रुपये एका आठवड्याच्या उधारीसाठी देते. गावातलं सगळ्यात महाग कर्ज तिचं असतं, आणि फेड सगळ्यात चोख तिचीच असते. हे कर्ज कुठल्याही सातबाऱ्यावर चढत नाही, कुठल्याही कर्जमाफीत बसत नाही.

दुकानदाराला यात खलनायक करणं मला मान्य नाही. तोही ठोक व्यापाऱ्याकडून माल उचलतो, पीक बुडालं तर त्याचीही वही बुडते. दवाखान्याच्या दिवसांत, लग्नात, तेराव्याला हाच माणूस हात आखडत नाही. पण उधारीवर असलेलं गिऱ्हाईक भाव करू शकत नाही, दाळ खराब निघाली तर परत करायला कचरतं आणि शेजारच्या दुकानात दहा रुपये स्वस्त असलं तरी तिकडे वळू शकत नाही. 'भाव ताडून पाहा' हा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो.

आता दाळीकडे पाहू, कारण या तालुक्यात तिच्याइतकं बोलकं उदाहरण नाही. सोयाबीनच्या तासांमध्ये तूर इथे शेताशेतात उभी असते. जानेवारीत ती चिखलीच्या बाजार समितीत उतरते आणि बहुतेक घरांतून सगळीच्या सगळी जाते. कारण कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचं कर्ज, मुलांची फी एकाच वेळी दारात उभी असते. पुढे पावसाळ्यात तेच घर दुकानातून तूरदाळ विकत घेतं. 2014-15 च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला 4350 रुपये होता. 2015 च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास किरकोळ बाजारात तूरदाळ 200 रुपये किलोवर गेली. ज्यांनी तूर पिकवली त्यांनीही त्या दिवाळीत वरण पातळ केलं. मधल्या नफ्यात त्यांचा वाटा नव्हता आणि महागाईत मात्र होता.

2025-26 चा हमीभाव 8000 रुपये आहे. दहा किलो तूर 800 रुपयांची. तिची सात किलोच्या आसपास दाळ होते, म्हणजे किलोला 114 रुपये, वर भरडाई. चुरी-फोलपट गुरांना जातं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही मिनी दाळ मिल तयार केली ती याच कामासाठी, गावातली तूर गावातच भरडली जावी म्हणून. दुकानातली दाळ दरवर्षी याहून फार महाग असते असं नाही. ज्या वर्षी बाहेरची तूर येऊन पडते, त्या वर्षी फरक जेमतेम राहतो. 2024 च्या मध्यात क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेली तूर पुढच्या हंगामात हमीभावाच्याही खाली आली. म्हणून साठवणीकडे मी नफ्याचा व्यवहार म्हणून पाहत नाही. 2015 सारखं वर्ष अंगावर आलं तर घराच्या ताटातलं वरण टिकावं, यासाठी ती आहे. शिवाय जी दाळ घरात आहे तिच्यासाठी वही उघडावी लागत नाही.

वर्षाचं धान्य भरून ठेवण्याची रीत आपल्याकडे होतीच. कोठीत ज्वारी, राखेत किंवा कडुलिंबाच्या पाल्यात कडधान्य, दाळीला एरंडेलाचा हात, उन्हाळ्यात वड्या, शेवया, सरगुंडे. ती मोडली याचं कारण आळस नव्हे. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, आणि सोयाबीन कोठीत भरून खाता येत नाही. ते कारखान्यात जातं आणि त्याचं तेल पाऊचमधून परत येतं. घरं लहान झाली. आणि ही सगळी साठवण बायकांच्या कष्टांवर उभी होती हे विसरून तिचं कौतुक करणं मला पटत नाही. दिवसभर मजुरीला जाणाऱ्या बाईने रात्री जातं ओढावं, असं म्हणणाऱ्याने आधी ते ओढून पाहावं.

पुड्यातल्या खाण्याबद्दलही थोडं याच अंगाने बोललं पाहिजे. 2023-24 च्या देशव्यापी घरखर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चातला सुमारे 10 टक्के भाग पेयं, फराळ आणि तयार पदार्थांवर गेलेला दिसतो, धान्यावर सुमारे 5 टक्के. रेशनमुळे धान्याचा आकडा खाली आहे हे खरं. तरी पाच रुपयांचा बिस्किटपुडा आता घरखर्चाचा किरकोळ भाग राहिलेला नाही. पण सकाळी सातला आई शेतावर गेलेल्या घरात तो पोराचा नाश्ता असतो. तो बंद करा असं सांगताना त्या नाश्त्याचं काय, हेही सांगावं लागेल. त्यापेक्षा पाऊचवरची मात्रा वाचायची सवय मला अधिक कामाची वाटते. लिटरभर तेलाचं वजन सुमारे 910 ग्रॅम असतं, आणि शेजारी मांडलेला 800-850 ग्रॅमचा पाऊच लिटरचाच वाटतो. पुडाबंद, छापील नावाच्या दाळ-पिठावर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. सुटी दाळ चाळून, निवडून घेता येत असेल तर तिच्यात कमीपणा काही नाही.

रेशनचा आधार मोठा आहे. माणशी पाच किलो धान्य आज फुकट मिळतं. पण आपल्या जिल्ह्यात त्याची दुसरीही बाजू घडली. शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत, ज्यात बुलढाणा आहे, केशरी कार्डावरच्या शेतकरी कुटुंबांना 2015 पासून दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ मिळत होता. 2023 मध्ये त्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यावर देण्याचं ठरलं. पाच किलोला 150, म्हणजे किलोला 30. ज्या दिवशी गहू तिसाच्या वर गेला त्या दिवशी ताटातला घास कमी झाला. धान्य महागाईतही पाच किलोच राहतं. रक्कम तशी राहत नाही. ही अदलाबदल चुकीची होती असं माझं स्पष्ट मत आहे.

मग एकेकट्या बाईला जे जमत नाही ते दहा जणींना जमेल का? 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. 1975 मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र, ठोक भावात आणून वाटून घेण्याची पद्धत बसवली. त्याआधी 1844 मध्ये इंग्लंडच्या रॉचडेल गावात कामगारांनी पीठ, साखर, लोणी विकणारं स्वतःचं दुकान काढलं होतं, आणि रोखीचा नियम त्यांनी कटाक्षाने पाळला. चिखलीत हे नव्याने उभारायची गरज नाही. गावोगाव बचत गट आहेत, दरमहा बैठका होतात, वह्या नीट असतात.

अडचण गटांतल्या एका समजुतीची आहे. शेळीला, शिलाई मशीनला, पापडाच्या धंद्याला कर्ज द्यायचं. किराण्याला मागितलं तर ते 'खाण्यावर उडवणं'. मला हे उलटं वाटतं. शेळी मरू शकते, पापड पडून राहू शकतो; दाळ घरात लागणारच आहे. चार-पाच माणसांच्या घराला महिन्याला चार किलो धरली तर वर्षाला 48 किलो, म्हणजे सत्तरेक किलो तूर, हमीभावाने 5600 रुपये. गटाकडून महिना शेकडा दीडच्या दराने घेऊन दहा मासिक हप्त्यांत फेडले तर व्याज साडेचारशेच्या थोडं वर जातं. बँकेकडून गटाला वर्षाला 7 टक्क्यांनी मिळणारं कर्ज वापरलं तर त्याच्या निम्म्याहून कमी. ज्या घराची तूर स्वतःची आहे, त्याला तेही नाही. त्यांनी एक कट्टा विकायचा नाही, एवढंच. पण तो कट्टा बाजूला काढायचा निर्णय खळ्यावर होतो, आणि खळ्यावर बाईला विचारलं जात नाही. गटाच्या डिसेंबरच्या बैठकीत, तूर निघायच्या आधी, कोणाच्या घरी किती दाळ लागते हे लिहून काढलं तर तिच्या शब्दामागे नऊ जणींचा शब्द उभा राहतो.

काम वाटून घ्यावं लागेल: तूर पारखायला कोण जाणार, मिलवर कोण थांबणार, ज्यांची घरं गळतात त्यांचे डबे कोणाकडे ठेवायचे. तूर ओली घेतली तर दाळीला कीड लागेल आणि पहिल्याच वर्षी गट बिथरेल, म्हणून ऊन दाखवल्याशिवाय भरडायला न्यायची नाही. पहिल्या वर्षी फक्त दाळ घ्यावी. तेल आणि साखर दुकानातूनच येऊ द्यावी, रोखीने.