उरलेले तुकडे आणि छतावरचे ऊन



पाच भाकरींचा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आला आहे. पण एक गोष्ट संत योहान आवर्जून सांगतो. लोक पोटभर जेवल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला लावले, का, तर त्यातले काही वाया जाऊ नये. शिष्यांना थोडे नवल वाटले असेल. ज्याने घटकेपूर्वी हजारोंना जेवू घातले, त्याला तुकड्यांची काय पर्वा? उद्या भूक लागली तर उद्या पुन्हा चमत्कार! पण प्रभूचा विचार तसा नव्हता. देवाचे दान विपुल असते म्हणून ते उधळायचे नसते. शिष्य वाकले, गवतातले तुकडे वेचले आणि बारा टोपल्या भरल्या.

आज आपण विजेविषयी बोलणार आहोत. विजेच्या बिलाचा आणि प्रवचनाचा काय संबंध, असे कुणी विचारील. इतर कुठे तो प्रश्न शोभला असता. पालघर, बोईसर आणि तारापूरच्या माणसाने तो विचारू नये. कारण ही भूमीच विजेची आहे. भारतातले पहिले अणुवीज केंद्र 1969 साली आपल्या तारापूरला सुरू झाले. पुढे 1995 मध्ये डहाणूला 500 मेगावॅटचे कोळशावरचे केंद्र उभे राहिले आणि मुंबईच्या उपनगरांतले दिवे त्यावर पेटले. त्याच डहाणू तालुक्याला केंद्र सरकारने 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर केले होते! तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली घरे, वाड्या आणि समुद्राची जवळीक सोडावी लागली. अणुभट्ट्या 2005 आणि 2006 मध्ये चालू झाल्या. पुनर्वसनाची गाऱ्हाणी मात्र त्यानंतरही अनेक वर्षे संपली नाहीत. आणि इकडे जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर रॉकेलची चिमणीच जळत राहिली.

म्हणून आपण बटण दाबतो तेव्हा केवळ बिल भरले की हिशेब मिटला, असे होत नाही. त्या युनिटमागे कुणाची तरी वाडी असते, कुणाच्या तरी गावावरची राख असते. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच सांगितले. धरतीचे दुःख आणि गरिबाचे दुःख ही दोन वेगळी दुःखे नाहीत, हा त्याचा गाभा आहे. आपल्या भागात हा विचार त्याच्याही आधी पोहोचला होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत पर्यावरणाचा प्रश्न वेदीपाशी आणला आणि तिथून रस्त्यावर नेला. 2024 साली ते देवाघरी गेले. त्यांनी मांडलेला प्रश्न वसईची वेस ओलांडून आता पालघर-बोईसरच्या दारात उभा आहे.

सूर्याची ऊर्जा म्हटली की आपल्याला काहीतरी नवे, परदेशी वाटते. वास्तविक आपल्या किनाऱ्याइतका सूर्यावर जगलेला मुलुख शोधून सापडणार नाही. सातपाटी-दांडीला वलांडीवर बोंबील वाळतात ते कशावर? आगोटीच्या आधी अंगणात मिरच्या, पापड, सुकट, चिंच पसरली जाई, ती कशाच्या भरवशावर? परमेश्वराने त्या उन्हाचे बिल कधी पाठवले नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू सांगतो की, पित्याचा सूर्य चांगल्यांवर आणि वाईटांवर सारखाच उगवतो. त्यात गरीब-श्रीमंत हा भेदही नाही, एवढे आपण त्याला जोडू शकतो. भेद सुरू होतो तो छप्पर कुणाचे इथून. त्याकडे आपण येऊच.

आधी घराकडे पाहू. आपल्या वारली बांधवांचे घर कारवीच्या कुडाचे, वर शेणामातीचा लेप. भर वैशाखात आत शिरले की अंगाला गारवा लागतो. नंतर मंगलोरी कौले आली. (ही कौले 1865 साली मंगळूरला बासेल मिशनच्या प्रोटेस्टंट बंधूंनी करायला घेतली, हे आपल्याला क्वचितच ठाऊक असते.) कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. मग आपण ते सारे उतरवले आणि स्लॅब टाकला, किंवा पत्रा. पक्के घर झाले, साप-विंचवाची भीती गेली, पावसाळ्यात गळणे थांबले. हे चांगलेच झाले, जुन्याचे उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. मग पंखा, मग कूलर, मग एसी. पश्चिमेच्या भिंतीवर सावली येईल असे झाड आपण लावत नाही, गच्चीला पांढरा चुना मारत नाही, समोरासमोर खिडक्या ठेवत नाही आणि मग म्हणतो, पालघर पूर्वीसारखे राहिले नाही.

ज्याला बुरूज बांधायचा असेल तो आधी बसून खर्चाचा हिशेब करणार नाही काय, असा दाखला प्रभूने दिला आहे. आपणही बसू. जुना पंखा साधारण 75 वॅटचा असतो. दिवसाला 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिट खातो. बाजारात बीएलडीसी नावाचे पंखे मिळतात, ते 30 वॅटच्या आसपास घेतात. तेवढ्याच तासांना 11 युनिट. चार पंख्यांच्या घरात महिन्याला 64 युनिट वाचले. आता छतावरच्या सौर पॅनेलचे पाहा. एक किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि तो सरासरी दिवसाला 4 युनिट, म्हणजे महिन्याला 120 युनिट देतो. याचा अर्थ, चार पंखे बदलण्याने जे साधते ते अर्ध्या किलोवॅटच्या पॅनेलपेक्षा थोडे अधिकच आहे! सूर्य छतावर आणण्याआधी घरातली गळती बंद करावी, ती अशी. तुकडे वेचणे म्हणतात ते हेच.

मग ज्याला शक्य आहे त्याने पॅनेल जरूर बसवावेत. 2024 साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्यासाठी 18,000 रुपये, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान ठरवण्यात आले. नेट मीटर लागला की दुपारी आपण घरात नसताना तयार झालेली वीज महावितरणच्या तारेत जाते आणि रात्री वापरलेल्या विजेतून वजा होते. मात्र विक्रेता सहसा सांगत नाही ते आम्ही सांगतो. बॅटरी नसलेली अशी यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपणहून बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ नये म्हणून ती तशी बनवलेली आहे. तेव्हा पावसाळ्यात झाड पडून चार तास वीज गेली, तर छतावर पॅनेल असूनही घरात अंधार असेल. जून ते सप्टेंबर ऊनही कमी. आपल्याकडे खारा वारा आहे, बोईसरला कारखान्यांची धूळ आहे; सांगाडा गंजणार नाही असा हवा आणि काचा नियमित धुवायला हव्यात. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगत गेले तेव्हा पत्रे कसे उडाले, ते आठवा आणि मग सांगाड्याच्या बोल्टवर किती पैसे वाचवायचे ते ठरवा. जुन्या करारात, अनुवादाच्या ग्रंथात, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा अशी आज्ञा आहे. वरून कुणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष घराला लागतो. छतावर जे काही ठेवू त्याची जबाबदारी देवासमोर आपली आहे, हा विचार इतका जुना आहे.

आता ज्यांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर नाही त्यांचे काय? स्टेशनच्या दोन्ही बाजूंना इमारती वाढल्या. बोईसरला टाटा हाउसिंगने ‘शुभगृह’ची स्वस्त घरे जाहीर केली ती 2009 मध्ये. त्यानंतर तर जाहिरातींना पूर आला. बहुतेक प्रत्येक जाहिरातीत ‘हरित’ हा शब्द असतो. हिरवळ आणि कारंजे म्हणजे हरित घर नव्हे. खिडकीतून वारा येतो का, जिन्यात दिवसा दिवा लावावा लागतो का, गच्चीवरचा पाऊस कुठे जातो, हे विचारावे आणि मगच घराची नोंदणी करावी.

इमारतीची गच्ची सगळ्यांची, म्हणजे बहुधा कुणाचीच नाही. वरच्या मजल्यावरचा म्हणतो पाणी झिरपेल, तळमजल्यावरचा म्हणतो मला लिफ्टचा काय उपयोग. भांडणे होतात, आणि भांडणाऱ्यांत रविवारी एकाच बाकावर बसणारेही असतात. त्याच केंद्रीय योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक दिव्यांसाठी, पंपासाठी आणि लिफ्टसाठीही प्रति किलोवॅट 18,000 रुपये अनुदान ठेवण्यात आले. कागद तयार आहे, माणसे एकत्र यायची आहेत. ती एकत्र आली की काय होते हे आपल्याच महाराष्ट्रात दिसले आहे. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत तारेची वीज पोहोचली नव्हती. तिथे 2012 मध्ये सुमारे 40 घरांनी मिळून सौर विजेचे आपले छोटे जाळे चालवायला घेतले. सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. ही काही धनिकांची गावे नव्हेत.

एक धोकाही सांगायला हवा. वीज फुकट झाली की एसी दिवसभर चालतो. घरातले चौघे चार खोल्यांत, चार पडद्यांपुढे बसतात. इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळे तो रोजच्यापुरता. ज्यांनी लोभाने उद्यासाठी साठवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. सूर्य फुकट असला तरी हाव फुकट नसते. ती घराला दुसऱ्या मार्गाने खाते. 2020 पासून नवे एसी 24 अंशांवरच सुरू होतात, तो आकडा खाली ओढण्याची घाई कशाला? एका खोलीत, एका पंख्याखाली, संध्याकाळची रोझरी म्हणणारे कुटुंब कमी वीज वापरते, हा आमचा अनुभव आहे आणि त्याला मीटरचा पुरावा देता येतो!

व्हॅटिकनमध्ये 2008 साली, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, पॉल सहावे सभागृहाच्या छतावर सुमारे 2,400 पॅनेल बसले. पोप फ्रान्सिस यांनी 2024 मध्ये रोमबाहेर सौर वीज आणि शेती एकाच जमिनीवर करण्याचे पत्र काढले, त्याला नाव दिले ‘भाऊ सूर्य’. मग आपल्या चर्चच्या मीटरकडे पाहायला आपण का संकोचावे? सणाच्या रोषणाईत किती युनिट जातात, सभागृहातले कितीक पंखे रिकाम्या खुर्च्यांवर फिरतात, हे आर्थिक समितीने एकदा मोजावे आणि आकडा सूचनाफलकावर लावावा. तो वाचून आम्हा सर्वांनाच घाम फुटला तरी चालेल.

प्रत्येक विभागाने या महिन्याच्या प्रार्थनासभेला मागच्या बारा महिन्यांची बिले घेऊन बसावे, असे आम्ही सुचवतो. आपल्यात वायरमन आहेत, कारखान्यांत काम केलेले फिटर आहेत, हिशेब जाणणाऱ्या भगिनी आहेत. बाहेरच्या तज्ज्ञाची गरज नाही. बैठकीला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांनाही आवर्जून बोलवा. त्यांची खोली पत्र्याची, मीटर घरमालकाचा. दुपारी त्या पत्र्याखाली तान्हे मूल कसे झोपते आणि घरमालक एका युनिटला किती पैसे लावतो, हे त्यांच्या तोंडून ऐकू. त्या घरमालकांपैकी काही आपल्यातलेच आहेत. त्यांनीही यावे.