खाडा

बीडीएसची चार वर्षं संपवून तो इंटर्नशिपला लागला होता. त्यातले तीन महिने सामाजिक दंतवैद्यकाचे. बहुतेक मुलं ते उरकून टाकतात. तोही त्याच मनाने सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या तळावर व्हॅनमधून उतरला. बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या, पुढे चुली. माणसं थोडीच, बाकीची फडात.

एक बाई आली. गाल सुजलेला, दातांवर मिश्रीचा काळा थर, दाढ मुळापर्यंत किडलेली. त्याने मिश्रीवरून तिला सुनावलं, गोळ्या दिल्या, चिठ्ठी लिहिली : सोमवारी कॉलेजात या, दाढ फुकट काढू.

पंधरवड्याने व्हॅन पुन्हा गेली. ती फडाकडे निघताना भेटली; चिठ्ठी तिच्या पदराच्या गाठीत तशीच होती.

“फुकट असून येत नाही! दाताची काही किंमत आहे की नाही?” केसपेपरवर त्याने लिहिलं : रुग्ण उदासीन.

“किंमत हाय की, साहेब. म्या सोमवारी आले तर खाडा पडतो. कोयता दोघांचा. म्या नसले तर धनी एकला काय तोडणार? मुकादम खाड्याचे पैसे उचलीवर चढवतो. आधीच उचल फिटंना.”

“आणि मिश्री?”

“ठणका लागला की तीच दाबते. पहाटं फडात वाकायचं असतंय.”

मिश्रीने तोंडाचा कर्करोग होतो, हे त्याने परीक्षेत अनेकदा लिहिलं होतं. ते खरंच आहे आणि तिला सांगायलाच हवं. पण ठणकती दाढ तशीच ठेवून ‘मिश्री सोडा’ म्हणणाऱ्याचं तिने का ऐकावं? मला तर त्या केसपेपरवरचा ‘उदासीन’ हा शेरा किडीपेक्षा घातक वाटतो. तो लिहिला की पुढे काही करायची गरजच उरत नाही.

त्याने शेरा खोडला. सोबतच्या सरांशी बोलून व्हॅन संध्याकाळपर्यंत थांबवली. टोळी परतल्यावर तिचं बीपी, शुगर तपासली, इंजेक्शन देऊन दाढ काढली. मागे आणखी माणसं उभी होती. सकाळी त्यांतलं एकही दिसलं नव्हतं.

त्या हंगामात व्हॅन सकाळी नऊऐवजी दुपारी चारला निघू लागली. रात्री उशीर होतो म्हणून सोबतचे इंटर्न कुरकुरले. त्याने वाद घातला नाही. निघायच्या आधी मुकादमाला फोन करून टोळी कधी परतणार हे विचारायचं काम त्याने त्यांच्याकडेच सोपवलं.