‘सॉरी’ म्हणणे आणि क्षमा मागणे

उपवासकाळाचा चौथा रविवार
शुभवर्तमान : लूक १५:१-३, ११-३२



ज्याने इंग्रजीचे पुस्तक कधी उघडले नाही, त्याच्याही तोंडी आज एक इंग्रजी शब्द सहज असतो. तो शब्द म्हणजे ‘सॉरी’. जळगाव-धुळे एस.टी.त कुणाच्या पायावर पाय पडला, सॉरी. राँग नंबर लागला, सॉरी. समोरच्याचे बोलणे ऐकू आले नाही, तरी ‘सॉरी?’ उसने पैसे द्यायचे नसले तर ‘सॉरी, या महिन्यात जमणार नाही.’ आता तर काही तरुण मयताच्या घरीही हळूच ‘सॉरी’ म्हणतात, आणि घरातली आजी विचारात पडते, या पोराची काय बरे चूक झाली?

पोराची चूक काहीच नसते. इंग्रजीतला हा जुना शब्द मुळात दुखण्याशी, ठणकण्याशी नाते सांगणारा आहे. ‘मला दुःख होते आहे’ आणि ‘माझी चूक झाली’ ही दोन्ही कामे तो करतो. म्हणून इंग्रजी बोलणारे सांत्वन करतानाही तोच शब्द वापरतात.

आपल्या मराठीने मात्र ही कामे वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. ‘दिलगिरी’ हा फारसीतून आलेला शब्द, म्हणजे मनाची खिन्नता. ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप, आतली जळजळ. ‘माफी’ अरबी-फारसीच्या वाटेने आली. कर्जमाफी म्हटले की तिचा अर्थ आपल्या शेतकऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. घेणेकऱ्याने आपले घेणे सोडून द्यावे, ती माफी. ‘क्षमा’ संस्कृतातली, सहन करणे हा तिचा मूळ अर्थ. पृथ्वीलाही क्षमा हे नाव आहे, कारण ती नांगराचा फाळ सोसते आणि तरी पीक देते. आणि आपल्या अहिराणीत माणूस सरळ म्हणतो, ‘मनं चुकनं.’

आता या शब्दांपुढची क्रियापदे पाहा. पश्चात्ताप ‘होतो’. दिलगिरी ‘व्यक्त करतो’. सॉरी ‘म्हणतो’. पण क्षमा आणि माफी आपण ‘मागतो’. जॉन ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाची ‘शब्दांनी कृती कशी घडते’ या विषयावरची व्याख्याने १९६२ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांत त्याने दाखवले, की ‘मी क्षमा मागतो’ असे म्हणणे ही स्वतःच एक कृती आहे, तर ‘मला पश्चात्ताप होतो’ हे मनाच्या अवस्थेचे वर्णन आहे. ‘सॉरी’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. आपल्या भाषेने हा भेद क्रियापदातच भरून ठेवला आहे. जो म्हणतो, त्याचे काम म्हटल्यावर संपते. जो मागतो, त्याला समोरच्या दारात उभे राहावे लागते. द्यायचे की नाही, आणि केव्हा द्यायचे, हे आता दुसऱ्याच्या हाती असते.

म्हणून ‘सॉरी म्हटलं ना!’ हे वाक्य फार धोक्याचे आहे. रात्री दारू पिऊन बायकोवर हात उगारायचा, सकाळी सॉरी म्हणायचे, आणि ती गप्प राहिली तर वर तिलाच दटावायचे, ‘सॉरी म्हटलं ना!’ हे मागणे नव्हे, ही वसुली आहे. अशा बहिणीला ‘क्षमा कर आणि सोसत राहा’ एवढेच सांगून परत पाठवणे, हे काही शुभवर्तमान नव्हे. मनातला द्वेष सोडणे म्हणजे मार खात राहणे असा अर्थ कुणी काढू नये. तिने मदत मागावी, आणि आपण ती द्यावी.

आजच्या दाखल्यातला धाकटा मुलगा कसा परततो? तो डुकरांच्या शेंगांजवळ बसून नुसता हळहळत राहिला नाही. तो उठला. बापाला काय सांगायचे ते त्याने आधी मनात जुळवले, आणि त्यात एकही ‘पण’ नाही. मित्रांनी बिघडवले, दुष्काळ पडला, वाटा लवकर दिलात म्हणून असे झाले, असे तो काहीच म्हणत नाही. देवाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध मी पाप केले, एवढेच. ‘सॉरी, पण...’ असे आपण सुरू करतो, तेव्हा त्या ‘पण’पाशी क्षमा मागणे थांबते आणि वकिली सुरू होते. मुलाने योजलेले शेवटचे वाक्य, मला चाकर म्हणून ठेवा, ते तर बाप त्याला बोलूच देत नाही. मागणारा दारात पोहोचायच्या आधीच देणारा धावत बाहेर आलेला असतो.

थोरला मुलगा मात्र अंगणाबाहेरच थांबला. तो ‘माझा भाऊ’ असे म्हणतही नाही. ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप हळूच दुरुस्त करतो, ‘हा तुझा भाऊ.’ आपल्याकडेही बांधाच्या वितभर जागेवरून सख्ख्या भावांची बोलचाल बंद होते आणि मग ‘तुमचा मुलगा’, ‘तिचा नवरा’ अशी भाषा सुरू होते. दाखला तिथेच थांबतो. थोरला आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. ते उत्तर त्याने आपल्याकडे ठेवले आहे.

ख्रिस्तसभेने प्रायश्चित्त संस्कारात हाच मार्ग आखून दिला आहे. १५५१ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने पश्चात्ताप करणाऱ्याच्या तीन कृती सांगितल्या : मनापासून पश्चात्ताप, पापांची कबुली आणि नुकसानीची भरपाई. जक्कयने चौपट परत करण्याचा शब्द दिला, तो या तिसऱ्या कृतीसाठी. आणि हे केवळ भाविकांसाठी नाही. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पापांबद्दल सर्वांसमक्ष देवाची क्षमा मागितली. दोन हजार वर्षांची ख्रिस्तसभा दारात उभी राहून मागू शकते, तर आपल्या घराण्याची इभ्रत तिच्याहून मोठी आहे काय?

या आठवड्यात एक करा. ज्याच्याशी अबोला आहे, असे एक नाव आठवा. मोबाइलवर दोन अक्षरे टाकून मोकळे होऊ नका. त्याच्या घरी जा. शब्द सुचत नसतील तर भरिताची वाटी घेऊन जा. तिचा अर्थ कळायला शब्दकोश लागत नाही. उसने परत करायचे असेल, सरकवलेला दगड जागेवर ठेवायचा असेल, तर ते आधी करा. आणि कुणी तुमच्या दारात असा आला, तर बापाने काय केले ते आठवा.

पुनरुत्थानाचा सण जवळ येत आहे. त्याआधी प्रायश्चित्त संस्कारासाठी जरूर या. मी वाट पाहीन. पण माझ्यापेक्षा जास्त वाट पाहणारा तिथे आधीच उभा आहे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू