भयकथेतील गुन्हेगार

आपल्या घरातील पुस्तकांचे कपाट उघडले तर पवित्र शास्त्र, प्रार्थनापुस्तक आणि संतचरित्रे यांच्या आड कोपरे झिजलेली एखादी भयकादंबरी बहुधा सापडते. ती नारायण धारपांची असेल, नाहीतर इंग्रजीवरून बेतलेली असेल. घरातील वडीलधारी मंडळी मुलांच्या हातात ती दिसली की कपाळाला आठ्या घालतात, आणि सर्व निजल्यावर तीच उघडून बसतात. जो रोज रात्री स्वतःला देवाच्या स्वाधीन करून झोपतो, त्याने भीतीत सुख का शोधावे? हा प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस छळत आला आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्ही या वाङ्मयाच्या उगमापर्यंत गेलो.

१७६४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी लंडनमध्ये होरेस वॉलपोल या लेखकाची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. गॉथिक प्रणयकादंबरी म्हणतात ती येथून सुरू झाली. पडका किल्ला, भुयारी वाट, पळणारी तरुणी, क्रूर धनी आणि भिंतींत दडलेले जुने पाप, हे सारे तिच्यात आहे. विवाहाच्याच दिवशी राजपुत्र एका प्रचंड शिरस्त्राणाखाली चिरडला जातो. पुढे उलगडा होतो की, त्याच्या पणजोबाने खऱ्या धन्याला विष देऊन ही गादी बळकावली होती. अखेर किल्ल्याच्या भिंती कोसळतात आणि हिशेब पुरा होतो. आपल्याकडचा वाचक हे वाचताना मनात कंधारच्या किल्ल्याचा खंदक किंवा उदगीरचे बुरूज उभे करतो, आणि गोष्ट परकी राहत नाही.

पुढील कादंबऱ्यांनीही हाच साचा उचलला. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) वाडा जळतो, डॅफ्ने द्यु मॉरिएच्या ‘रिबेका’मध्येही (१९३८) जळतो. ज्यांनी ही पुस्तके वाचली नाहीत त्यांनीही १९५२ चा ‘संगदिल’ आणि १९६४ चा ‘कोहरा’ या चित्रपटांतून याच कथा पाहिल्या आहेत. काळ बदलला, भाषा बदलली, तरी ओढ ओसरली नाही. तिचे कारण आमच्या मते असे की, या कथांतील संकटाला कर्ता असतो. घर उगीच पडत नाही. कोणीतरी पाप केलेले असते म्हणून पडते. दिवाणखान्यातील कुजबूज, जिन्यावरचे पाऊल, बंद खोलीतील हसू या सर्वांचा शेवटच्या प्रकरणात जाब मिळतो. जगात अकारण दुःख सोसणाऱ्या माणसाला असा जाब मिळणे हा केवढा दिलासा आहे! भीती ही वरची साल आहे. आत न्यायाची भूक आहे.

परंतु न्यायाची भूक मोठी झाली की ती गुन्हेगाराची वाट पाहत बसत नाही, स्वतःच एक निवडते. या वाङ्मयाने कोणाला निवडले, हे आपण कॅथलिक वाचकांनी विसरू नये. वॉलपोलने आपली कादंबरी इंग्लंडच्या उत्तरेकडील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडल्याची बतावणी केली होती. त्यानंतर मॅथ्यू लुईसच्या ‘द मंक’मध्ये (१७९६) मठवासी हाच राक्षस झाला; अॅन रॅडक्लिफच्या ‘द इटालियन’मध्येही (१७९७) खलनायक मठवासीच आहे. धर्मभगिनींचे मठ, पापनिवेदनाची पेटी, इन्क्विझिशनची तळघरे यांनी प्रॉटेस्टंट इंग्लंडच्या वाचकाला थरथर कापवले. आपल्याला पूज्य असलेल्या झग्याआड त्यांना भूत दिसले. इतरांनी भीतीला आपला चेहरा दिला, तर तो किती बोचतो!

तो बोचतो म्हणूनच आपण आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. मराठवाड्यात ‘भानामती’ हा शब्द कोणाला ठाऊक नाही? घरात आजार येतो, जनावर दगावते, सून किंचाळू लागते, आणि गाव कर्ता शोधू लागते. मग एखादी एकटी विधवा किंवा गावकुसाबाहेरचा एखादा म्हातारा सापडतो. अशा छळाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. कादंबरीतील राक्षस कागदावर मरतो. गावातील ‘राक्षस’ हाडामांसाचा असतो, आणि त्याला उत्तर द्यायला शेवटचे प्रकरण नसते.

लातूरच्या माणसाला तर या प्रश्नाचे आणखी एक रूप भोगावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी उन्हापासून आणि चोरांपासून राखले, त्याच दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीने जड झालेली माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर आली. हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. ओट्रँटोच्या भिंती पडल्या तेव्हा निवाडा झाला. किल्लारीच्या भिंती पडल्या तेव्हा कोणता निवाडा झाला? पाळण्यातील लेकराने कोणाची गादी बळकावली होती?

येथे संत लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आम्हांला आधार देतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ती यरुशलेममधील इतर सर्वांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने स्पष्ट बजावले. दगडाखाली सापडलेल्याच्या पापाचा शोध घेण्याचा अधिकार त्याने आपल्याकडून काढून घेतला. पण तो तेथेच थांबला नाही. ऐकणाऱ्यांना त्याने स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवले. मृतांच्या पापाकडे वळलेली बोटे त्याने जिवंतांच्या अंतःकरणाकडे फिरवली.

या वाङ्मयातील श्रेष्ठ कृती हेच करतात, असे आम्हांला वाटते. ‘जेन एअर’मधील वाड्यात रात्री ऐकू येणारे भेसूर हसणे भुताचे नसते. ते धन्याने वरच्या मजल्यावर कोंडून जगापासून लपवलेल्या त्याच्या वेड्या पत्नीचे असते. ती जिवंत असताना तो दुसऱ्या लग्नासाठी चर्चमध्ये उभा राहतो. ते वाचून आम्ही पुस्तक मिटले तेव्हा भूत कोठे आहे याची चिंता उरली नाही. आपल्या घरात वरची खोली कोणती, ही चिंता लागली. मनाचा तोल गेलेला भाऊ पाहुणे आले की मागच्या दाराने शेजारी धाडला जातो. सासर सोडून आलेली लेक मिस्सेला मागच्या बाकावर बसवली जाते. वाटणीत कोणाचा तरी हिस्सा दाबलेला असतो, आणि त्याचे नाव घरात कोणी काढत नाही. ही हसणी आपल्याही जिन्यावरून ऐकू येतात.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगितली. राजा संतापून त्या निर्दय धनिकाला शिक्षा देऊ लागला, तेव्हा नाथानने सांगितले की तो धनिक दुसरा कोणी नसून राजाच आहे. गोष्टीतला गुन्हेगार शोधता शोधता राजा स्वतःला सापडला.

म्हणून कपाटातील ती झिजलेली कादंबरी फेकून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. ती वाचावी, तिच्या न्यायाचा आनंदही घ्यावा. मात्र पुस्तक मिटताना तिच्यातला गुन्हेगार तिच्यातच ठेवावा. त्याला शेजाऱ्याच्या दारी सोडू नये, आणि पडक्या घरात आप्तांना शोधणाऱ्याच्या दारी तर मुळीच नाही. मग दिवा मालवण्यापूर्वी, अंतःकरण तपासण्याच्या त्या चार क्षणांत, आपल्याच घरातील वरच्या खोलीची कडी काढून पाहावी.