बिबट्याची हद्दपारी

जुन्नर-अकोले तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात हिंडताना एखाद्या गावाच्या शिवेवर शेंदूर माखलेला वाघोबा आढळतो. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, तेथील महादेव कोळी आणि ठाकर मंडळी त्याला नैवेद्य दाखवून गुरावासरांचे रक्षण मागतात. या भागात बिबट्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे ही पूजा त्यालाही पोचते. तिच्या मुळाशी भय आहे यात शंका नाही. परंतु ज्याचे भय वाटते त्याचे ठाणे आपल्या शिवेवरच असणार, ही गोष्ट त्या भयाने आधीच मान्य केलेली असते.

इंग्रजी अमदानीत ही मान्यता सरकारदरबारी टिकली नाही. ज्या सरकारला पडीक जमीन लागवडीखाली आणून तिचा महसूल वाढवायचा होता, त्याच्या दप्तरात वाघ-बिबट्यांची नोंद उपद्रवी श्वापदे म्हणून झाली आणि त्यांना मारणाऱ्यास रोख बक्षीस देण्याची वहिवाट पडली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या गणनेप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ आणि दीड लाखाहून अधिक बिबटे मारले गेले. याच काळात राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि नकाशावरच्या त्या रेषेबरोबर एक समजूतही मनात रुजली: रेषेच्या आत जनावरांचा मुलूख, बाहेर माणसांचा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक खाली ठेवायला लावली, पण ती रेषा मनातून पुसली नाही. श्वापद आता शत्रू उरले नव्हते, ते वाट चुकलेले जीव ठरले. आणि वाट चुकलेल्याला घरी पोचवणे हा धर्म असल्याने, पिंजरा लावून वा भूल देऊन बिबट्याला धरावे आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडावे, ही तजवीज सर्वांनाच न्याय्य वाटू लागली. पुढे कायद्यातच अशी दुरुस्ती झाली की, जनावर पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे अशक्य असल्याची खात्री पटल्यावाचून त्याला ठार करण्याचा हुकूम देता येऊ नये. हत्येच्या जागी स्थलांतर आले, ही नैतिक प्रगती होती, आणि ती तशी मानलीच पाहिजे.

या करुणेची कसोटी जुन्नरला लागली. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी फिरले, तशी शेतात उसाची उभी झाडी आली. वर्षभर उभ्या राहणाऱ्या त्या गारव्यात बिबट्याची मादी विऊ लागली, आणि वाडीवस्तीवरची कुत्री, शेळ्या, डुकरे हे तिचे भक्ष्य झाले. उसात जन्मलेल्या पिल्लाला ऊस हेच रान. त्याला ‘परत’ जंगलात सोडायचे म्हणजे जेथे ते कधी राहिलेच नाही तेथे त्याची रवानगी करायची. नाव स्थलांतराचे असले, तरी कृती हद्दपारीची होती.

२००१ पासून तेथे मोठ्या प्रमाणावर बिबटे धरून सरासरी ३९.५ किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे फलित दिसते: माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ झाले, आणि हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण दुप्पट झाले. जेथे बिबटे सोडले, त्या परिसरातच हल्ले एकवटले होते.

असे का व्हावे? बिबट्या आपल्या इलाख्यात पाणवठे, आडवाटा, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा जाणून असतो, आणि या जाणतेपणामुळेच तो माणसाला टाळू शकतो. पिंजऱ्यात कोंडून, भेदरवून परमुलखात सोडलेल्या जनावराजवळ हे ज्ञान नसते. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या येऊन व्यापतो. तडीपार केलेला इसम शेजारच्या तालुक्याची डोकेदुखी व्हावी, तसे दोन गावांचे दुःख एकाच हुकुमाने निर्माण होते. सगळेच बिबटे सोडल्या जागी राहतात असेही नाही. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ हा बिबट्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडला, तेव्हा तो महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत असंख्य वस्त्या लागल्या, पण त्याने माणसाला इजा केली नाही. २०११ साली मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

अकोल्याच्या शेतीप्रदेशात, जेथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात, दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे नांदत असल्याचेही अत्रेय यांच्याच अभ्यासातून पुढे आले. २०११ साली केंद्र सरकारनेही, केवळ दिसला म्हणून बिबट्या धरून अन्यत्र सोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे दिली. अंगणातून ज्याचे मूल उचलून नेले गेले त्याला मात्र बिबट्याच्या शेजाराचा हा विचार ऐकवण्याचा अधिकार कोणालाच नाही. माणसावर हल्ला करणारे जनावर तेथून हलवलेच पाहिजे, आणि ते अन्यत्र मोकळे सोडता कामा नये. पण केवळ दिसणे हा अपराध नव्हे. बंदिस्त गोठा, घराजवळचा उजेड, सांजवेळी मुलांना एकटे न सोडणे आणि वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई, एवढा बंदोबस्त करणे हे शेजाराचे खरे मोल आहे, आणि ते एकट्या शेतकऱ्यावर लादणे अन्यायाचे होईल.

ऊसतोडीच्या हंगामात कोयता थबकतो आणि सरीत डोळे न उघडलेली पिल्ले दिसतात. पूर्वी अशा पिल्लांच्या कपाळी पिंजराच लिहिलेला असे. आता अनेकदा वनरक्षक ती तपासून, एका खोक्यात घालून, अंधार पडताना त्याच शेतात, त्याच जागी ठेवतात आणि दूर जाऊन थांबतात. रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून पलीकडच्या उसात नेते. पिल्लांना कोठे न्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे परत आलेला असतो.