वापरणाऱ्यासमोर प्रोग्राम

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थ्याचा प्रोग्राम बरोबर आहे की नाही, हे बहुतेक वेळा संगणकच सांगतो. ठरलेल्या इनपुटला अपेक्षित उत्तर आले की गुण मिळतात. वापरकर्ताकेंद्रित रचना शिकवताना ही सोय उरत नाही. इथे अचूक प्रोग्रामही फसू शकतो, कारण समोर बसलेल्या माणसाला त्याच्याकडून आपले काम करवून घेता येत नाही.

या विषयाची मूलतत्त्वे नवी नाहीत. आयबीएममधील जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी १९८५ मध्ये ती तीन कलमांत मांडली: वापरणाऱ्यांचा आणि त्यांच्या कामाचा आरंभापासून अभ्यास, प्रत्यक्ष वापराचे मोजमाप आणि त्यानुसार पुन्हा पुन्हा दुरुस्ती. पुढच्याच वर्षी डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांच्या संपादित ग्रंथामुळे विषयाचे नावही रूढ झाले.

तरीही अनेक विभागांत हा शेवटच्या वर्षाचा हलका, ऐच्छिक विषय समजला जातो. इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही. ओले-योहान डाल यांच्याबरोबर सिम्युला भाषा घडवून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगचा पाया घालणारे क्रिस्टन नीगार्ड १९७० च्या दशकात नॉर्वेतील धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करत होते. कारखान्यात येणाऱ्या संगणकप्रणालीविषयी कामगारांना जाणतेपणाने बोलता यावे, हा त्यामागचा हेतू होता. भाषेची रचना आणि कामगाराचा अनुभव या दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासकाच्या कामात शेजारी नांदत होत्या.

थेराक-२५ या किरणोपचार यंत्राचे उदाहरण वर्गात नेहमी येते, पण बहुधा अर्धेच. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना या यंत्रातून प्रमाणाबाहेर मात्रा मिळाली; त्यांतले काही दगावले. टेक्सासमधील अपघातात चालक तंत्रज्ञाने सवयीने क्ष-किरणांचे अक्षर टाइप केले आणि चूक लक्षात येताच ते झटपट बदलले. ही घाई सॉफ्टवेअरला झेपली नाही. समांतर प्रक्रियांमधील दोष म्हणून हा भाग शिकवला जातो आणि तो शिकवायलाच हवा. मात्र त्या वेळी पडद्यावर उमटलेला संदेश ‘मालफंक्शन ५४’ एवढाच होता. त्यातून धोक्याची कल्पना येत नव्हती, आणि असे संदेश वारंवार येत असल्याने एक कळ दाबून उपचार पुढे चालू ठेवणे तंत्रज्ञांच्या अंगवळणी पडले होते. या भागाची चर्चा झाली नाही, तर दोष केवळ कोडमध्ये होता असा चुकीचा धडा विद्यार्थी घेऊन जातात.

चांगल्या रचनेची उदाहरणेही तितक्याच बारकाईने उलगडावी लागतात. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रात तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डमध्ये व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती काना, वेलांटी, उकार लावलेली रूपे चक्रात दिसतात. शाळेत बाराखडी शिकलेल्या माणसाला ही मांडणी ओळखीची वाटते. कोणत्याही अल्गोरिदमच्या पुस्तकातून हा निर्णय निघाला नसता.

अभ्यासक्रमातील सर्वांत अवघड कौशल्य म्हणजे गप्प बसून पाहणे. कागदावर काढलेले पडदे वापरणाऱ्यासमोर ठेवायचे, त्याला मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचे आणि तो अडला तरी लगेच मदत करायची नाही. विद्यार्थ्यांना हे जड जाते. आपण केलेली वस्तू समजावून सांगण्याची ओढ स्वाभाविकच असते. शिवाय ते चाचणीसाठी वर्गमित्रच निवडतात, आणि वर्गमित्रांना बहुतेक खाणाखुणा आधीच ठाऊक असतात. म्हणून रुग्णालयाची खिडकी, ग्रंथालय किंवा बँकेची शाखा इथे जाण्यासाठी वेळापत्रकात जागा हवी. सेमिस्टरच्या अखेरच्या आठवड्यात उरकलेली चाचणी निरुपयोगी, कारण तिच्यानंतर दुरुस्तीला वेळच राहत नाही.

मूल्यमापनही त्याच क्रमाने व्हायला हवे. देखण्या अंतिम सादरीकरणापेक्षा पहिली आवृत्ती, चाचणीतील नोंदी, त्यांमुळे झालेले बदल आणि नाकारलेल्या सूचनांची कारणे तपासावीत. एखाद्या गटाची पहिली कल्पना पूर्ण कोसळली, पण ती का कोसळली हे त्याने नोंदींच्या आधारे दाखवले, तर त्या गटाला भरघोस गुण देण्याची मुभा शिक्षकाला नियमांतच असली पाहिजे.