उत्तर बरोबर, गुण शून्य

भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? पर्याय चार : क्रिकेट, कबड्डी, हॉकी, बुद्धिबळ. वेळ दहा सेकंद.

बोट आपोआप हॉकीकडे जातं. शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांपासून आपण हेच घोकत आलोय. पण समजा, तुम्हाला आणखी एक गोष्ट माहीत आहे. २०१२ साली माहिती अधिकारात आलेल्या एका अर्जाला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिलं होतं की, कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. म्हणजे चारही पर्याय चूक. ‘यापैकी नाही’ असा पर्याय स्क्रीनवर नाही. सेकंद संपत आलेत. काय दाबाल?

बहुतेक जण हॉकीच दाबतील, आणि गुण मिळवतील. त्या क्षणी त्यांनी ‘खरं काय आहे’ या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नसतं. ‘प्रश्न काढणाऱ्याला काय खरं वाटतं’ या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकच असतात तोवर आपल्याला हा फरक कळतही नाही. ती वेगळी झाली की मात्र एक अडचणीचा प्रश्न समोर येतो : माहीत असूनही चुकीचं उत्तर देऊन गुण घेणं, यात काही गैर आहे का? आणि गैर नसेल, तर ‘हा प्रश्नच चुकीचा आहे’ अशी हरकत घेण्यात तरी काय अर्थ आहे?

‘अरे, खेळच तर आहे!’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. ते सोडून देण्यासारखं नाही, त्याच्याकडे पुन्हा येऊ. आधी असे प्रश्न तयार कसे होतात ते पाहू.

प्रश्न येतात कुठून?

फोनवरच्या क्विझची लाट आली त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. २०१३ साली आइसलँडमधल्या कंपनीचं क्विझअप आलं, त्याच वर्षी अर्जेंटिनातून ट्रिव्हिया क्रॅक आलं. २०१७ साली अमेरिकेत एचक्यू ट्रिव्हिया सुरू झालं : ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकदम खेळायचं, एका प्रश्नाला दहा सेकंद, एक चूक झाली की बाहेर. २०१८च्या सुमारास आपल्याकडे लोको आणि ब्रेनबाझी यांनी तोच प्रकार आणला.

या सगळ्यांना प्रश्न लागतात, आणि ढिगाने लागतात. ट्रिव्हिया क्रॅकने त्यावर काढलेला तोडगा मजेशीर आहे. तिथे खेळणारेच प्रश्न लिहून पाठवतात आणि दुसरे खेळणारे तो प्रश्न चांगला की वाईट यावर मत देतात. लोकशाहीच म्हणा ना. प्रश्न नीट लिहिलाय का, कंटाळवाणा आहे का, हे लोकांना विचारून उत्तम कळतं. पण सगळ्यांच्याच डोक्यात जे चुकीचं बसलंय, ते मतदानाने कसं पकडणार? हॉकीचा प्रश्न अशा चाळणीतून आरामात खाली उतरेल. उलट, मंत्रालयाचं उत्तर माहीत असणाराच तिथे खडा ठरेल.

व्यावसायिक लोक प्रश्न काढतात तिथेही परिस्थिती फार वेगळी नसते. याचा एक जुना किस्सा आहे. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकन लेखकाने क्षुल्लक माहितीचा एक कोश लिहिला आणि त्यात मुद्दाम एक खोटी गोष्ट पेरली : टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव ‘फिलिप’. पुढे ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या गाजलेल्या खेळात नेमकं हेच उत्तर सापडलं. १९८४ साली वर्थने ३० कोटी डॉलरचा दावा लावला. तो हरला, कारण वस्तुस्थितीवर कोणाचा मालकी हक्क नसतो, असं न्यायालयांचं म्हणणं पडलं. गंमत अशी की ज्यावरून भांडण लागलं ती ‘वस्तुस्थिती’ मुळात वस्तुस्थितीच नव्हती. ती खोटी आहे हे उघडकीला आलं, तेही पेरणाऱ्यानेच सांगितलं म्हणून.

एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात, तिथून ॲपमध्ये, ॲपमधून व्हॉट्सॲपवर. उत्तर जितक्या वेळा उतरवलं जातं तितकं ते खरं वाटायला लागतं. वाटेत कोणीतरी थांबून हरकत घेतली, तरच ही साखळी तुटते.

चूक, शिळं आणि संदिग्ध

सगळे सदोष प्रश्न मात्र एकाच जातीचे नसतात. हॉकीचा प्रश्न सरळ चुकीचा आहे. ‘भारताची राष्ट्रभाषा कोणती?’ हाही तसाच. राज्यघटनेच्या ३४३व्या कलमात देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा असा शब्द तिथे नाही.

काही प्रश्न एके काळी बरोबर होते, आता शिळे झालेत. सर्वात जास्त चंद्र कोणत्या ग्रहाला? २०२३च्या फेब्रुवारीत गुरू ९२ चंद्रांनिशी शनीच्या पुढे गेला. मे महिन्यात शनी पुन्हा पुढे आला, आणि मार्च २०२५मध्ये त्याच्या नावावर २७४ चंद्र झाले. मधल्या तीन महिन्यांत ज्याने अभ्यास करून ‘गुरू’ म्हटलं आणि शून्य मिळवलं, त्याची तक्रार रास्त होती. आज कोणी तेच म्हणेल तर नाही.

सर्वात अवघड म्हणजे संदिग्ध प्रश्न. भारतातला पहिला चित्रपट कोणता? अपेक्षित उत्तर दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, गिरगावातलं कोरोनेशन. पण त्याच कोरोनेशनमध्ये जवळपास वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा ब्रिटिश माणसाच्या हातात होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली, म्हणून त्याला पहिला म्हणायचं नाही, असं बरेच जण मानतात. आणि नुसतं ‘भारतीयाने केलेलं चित्रण’ एवढंच म्हणायचं असेल, तर सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकरांनी, मुंबईत १८९९ सालीच कुस्तीचं चित्रण केलं होतं.

इथे नुसत्या माहितीने वाद मिटणार नाही. चित्रपट कशाला म्हणायचं, त्यावर उत्तर ठरतं. ‘पूर्ण लांबीचा कथापट’ असे तीन शब्द प्रश्नात घातले तर बहुतेक भांडण संपेल. ते घातले नाहीत ही प्रश्न काढणाऱ्याची हयगय. तिचा दंड मात्र खेळणाऱ्याने भरायचा, आणि गंमत म्हणजे जास्त माहिती असलेल्याने भरायचा. ज्याला फक्त फाळके माहीत आहेत तो एका सेकंदात बटण दाबतो. ज्याला तोरणेही माहीत आहेत तो विचार करत बसतो आणि त्याची वेळ संपते.

नऊ घोंगड्या

हरकत घेणारा नेहमी सत्याच्या बाजूने असतो असंही समजू नका. हरल्यावर आपल्या सगळ्यांनाच प्रश्नात खोट दिसायला लागते. ‘प्रश्नात आशिया म्हटलं होतं, मग रशियाही धरायला हवा होता,’ हे हरल्यानंतर सुचतं, जिंकल्यावर सुचत नाही.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाने याचा बारीक विचार करून ठेवलाय. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. दोघांनाही सत्य शोधायचं असतं तो वाद. जिंकायचं असतं, मग त्यासाठी शब्दांच्या कसरतीही चालतात, तो जल्प. आणि स्वतःचं काही न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहायचं ती वितंडा. मराठीतल्या ‘वितंडवादा’त वाद आणि वितंडा एकत्र झाले, पण मुळात हे दोन निराळे प्रकार आहेत.

शब्दांच्या कसरतीला तिथे ‘छल’ म्हटलंय. वात्स्यायनाच्या भाष्यातलं त्याचं उदाहरण आजही चपखल बसतं. एक जण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याची घोंगडी नवी आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत? एकच तर दिसतेय! ‘नव’ शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, तेव्हा व्याकरणाने दुसऱ्याला पकडता येत नाही. पण पहिल्याला काय म्हणायचंय हे त्याला पक्कं कळलेलं असतं. कळूनही न कळल्यासारखं करणं, हाच छल.

म्हणजे प्रश्नाचे दोन अर्थ निघू शकतात एवढ्यावर हरकत योग्य ठरत नाही. जवळजवळ प्रत्येक वाक्याचे दोन अर्थ काढता येतात. एखादा जाणकार माणूस, प्रामाणिकपणे वाचताना, दुसऱ्या अर्थाकडे गेला असता का, हे पाहावं लागतं. तोरण्यांचा मुद्दा या कसोटीला उतरतो. नऊ घोंगड्यांचा उतरत नाही.

स्वतःला लावायची आणखी एक कसोटी आहे, आणि ती जास्त कडू आहे. याच चुकीमुळे मी जिंकलो असतो, तर मी ‘रिपोर्ट’चं बटण दाबलं असतं का? याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर मुद्दा बरोबर असूनही मी जल्पच करतोय.

अंतिम म्हणजे बरोबर नव्हे

‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकावर असतं. त्याची गरजही आहे. खेळ कुठेतरी थांबायला हवा, बक्षीस कोणाला तरी द्यायला हवं. पण परीक्षकाला जो अधिकार असतो तो गुणांवर असतो. चंद्र किती आहेत यावर त्याचा अधिकार चालत नाही. गुण कोणाला आणि खरं काय, हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला संध्याकाळपर्यंत संपवावा लागतो. दुसरा शंभर वर्षांनीही उघडता येतो.

चूक कळल्यावर गुणांचं काय करायचं, हे मात्र कठीण आहे, आणि दावणीला आयुष्य बांधलेलं असतं तेव्हा ते किती कठीण होतं हे २०२४च्या नीट परीक्षेत दिसलं. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन उत्तरं बरोबर धरली होती, कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकातलं विधान नव्या आवृत्तीशी जुळत नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर असल्याचं सांगितलं. चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले, पूर्ण गुण मिळवणारे ६१ वरून १७ वर आले.

दोन्ही उत्तरं धरली असती, तर नकारात्मक गुणांच्या भीतीने प्रश्न सोडून देणाऱ्यावर अन्याय. एकच धरलं, तर सरकारी पुस्तकावर विश्वास ठेवणाऱ्यावर अन्याय. प्रश्न रद्द केला, तर बरोबर उत्तर दिलेल्यावर अन्याय. सदोष प्रश्न एकदा विचारला गेला की त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती कोणाच्या तरी ताटातलं उचलूनच करावी लागते. ‘ज्योपर्डी’ या अमेरिकन कार्यक्रमाने निदान खेळापुरती एक बरी वाट काढलीय. परीक्षकांच्या चुकीने एखाद्याचा निकाल फिरला असं दिसलं, तर त्याला पुन्हा खेळायला बोलावतात. जिंकलेल्याचं काही काढून घेत नाहीत. परीक्षेला हे जमणार नाही. ॲपला सहज जमेल.

खेळच तर आहे

आता त्या नेहमीच्या उत्तराकडे. खेळच आहे, हे मान्य. म्हणून दहा सेकंदांत हॉकी दाबणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही. खेळ खेळताना ‘तुमच्या उत्तरतालिकेप्रमाणे’ हे शब्द न बोलताही गृहीत असतात. सोंगट्यांच्या पटावर सापाने गिळलं तर आपण मरत नाही, तसंच हे.

पण फोनवरच्या खेळात एक गोष्ट वेगळी आहे. पटावरची सोंगटी पट आवरला की संपते. ॲपवरचं आपलं बोट मात्र मोजलं जातं. लाखभर लोकांनी हॉकी दाबलं, कोणी तक्रार केली नाही, म्हणजे प्रश्न चांगला. तो पुन्हा दुसऱ्या कोणाला तरी दिसणार, कदाचित तुमच्या धाकट्या बहिणीला, आणि ती तो खरा समजून लक्षात ठेवणार. गुण घेऊन आपण गप्प बसतो तेव्हा आपल्या नकळत त्या उत्तरावर आपली सही होते.

शिवाय अपेक्षित उत्तर देण्याची सवय खेळापुरती राहत नाही. मुलाखतीत, वर्गात, घरच्या जेवणाच्या ताटावर, समोरच्याला काय ऐकायचंय ते ओळखून तेच बोलणं आपल्याला फार लवकर जमतं. तिथे गप्प न राहण्याची किंमत मोठी असते. खेळात ती जवळपास शून्य आहे. मग सवय करायचीच, तर ती जिथे स्वस्त आहे तिथे का करू नये?

म्हणून माझं म्हणणं एवढंच : खेळताना जिंकायला खेळा, तालिकेला हवं ते दाबा. गुण मिळाल्यावर मात्र तो प्रश्न रिपोर्ट करा. हरल्यावर करताच, जिंकल्यावरही करा. नुसतं ‘चुकीचा प्रश्न’ असं लिहू नका. काय चुकलंय, कशावरून, आणि प्रश्न कसा विचारला असता तर बरोबर झाला असता, हे दोन ओळींत लिहा. त्या दोन ओळी लिहायला बसलं की आपला मुद्दा खरा आहे की नऊ घोंगड्यांचा, हे आपल्यालाच बऱ्यापैकी कळतं.